बॅटरीला सुटलेला चीक

परवा दुपारी वीज गेली. बाहेर आभाळ इतकं भरून आलेलं की घरात तीन वाजताच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. माळ्यावरचं मोठं पातेलं काढायचं होतं आणि मोबाईलने सकाळीच मान टाकलेली. म्हणून कपाटातून बॅटरी काढली. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल.) हातात घेतली आणि ती हात सोडेना.

"यावर कुणी काय सांडलंय?"

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर मिळत नाही, आरोपी मिळतो. सगळ्यांनी लेकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ही आपल्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं." खरंच होतं ते. ती फारशी कुणी पाहिलीच नव्हती, कारण ती चांगली होती. चांगली वस्तू वापरायची नसते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून घेतलेली. दर रविवारी पहाटे सिंहगड चढायचा, असा तेव्हा निश्चय झाला होता. दुकानदाराने आधी एक साधी, प्लॅस्टिकची दाखवली. मी नाक मुरडलं. मग त्याने ही हातात दिली. "नुसता हात फिरवून बघा, साहेब." काळंभोर, मऊ, मखमलीसारखं अंग. मी हात फिरवला आणि फसलो. सिंहगड दोनदा झाला, त्यातला दुसरा तर खरं म्हणजे पिठलं-भाकरीसाठी. मग बॅटरी खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ.

आईने बोट लावून पाहिलं. "फणसाच्या चिकासारखं आहे. खोबरेल लाव."

आईचं माहेर कोकणातलं, त्यामुळे जगातल्या सगळ्या चिकट गोष्टी शेवटी फणसापाशी येतात. पण ते ऐकलं आणि मी मामाच्या पडवीत जाऊन बसलो. गोणपाट अंथरलेलं, विळीला तेल, मामाच्या कोपरापर्यंत तेल. फणस चिरला की पांढरा चीक ओघळायचा आणि मामा तो काडीवर गुंडाळत जायचा, अगदी लोकर गुंडाळावी तसा. ती काडी ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा. एकदा ती माझ्या केसांत गेली. पुढचं सांगत नाही, पण त्या मे महिन्यातल्या फोटोत मी टोपी घालून आहे.

रबरही मुळात झाडाचा चीकच. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबरी बुटांचं वेड आलं, तेव्हा ते बूट उन्हाळ्यात वितळून लिबलिबीत व्हायचे आणि थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली आणि चीक वठणीवर आला. माझ्या बॅटरीचा मखमली अंगरखा मात्र झाडाचा नव्हेच. तो असतो पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा, रंगासारखा फवारलेला पातळ थर. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या हळूहळू तोडत राहते, उकाडा तिला हातभार लावतो आणि एक दिवस अंगरख्याचा पाक होतो. पिशवीला गाठ मारून काही उपयोग नाही. आत कोंडलेली पुण्याच्या पावसाळ्याची हवा कुठे जाणार?

खोबरेल लावलं. आता ती चिकट आणि तेलकट झाली. मग पावडर लावली. न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखी दिसायला लागली, पाच मिनिटांनी पुन्हा रडकी. शेवटी इंजेक्शनवाल्या स्पिरिटचा बोळा घेऊन बसलो. बोळ्यामागून बोळे काळे झाले, कंपनीचं नावही पुसून गेलं आणि आतून निघालं कडक, गुळगुळीत, साधं प्लॅस्टिक. दुकानात ज्याला नाक मुरडलं होतं, तेच.

बोळे फिरवताना चौथीतलं वासाचं खोडरबर आठवलं. ते खोडायला नव्हतं, हुंगायला होतं. खोडायला वेगळं, काळपट, बिनवासाचं. मेच्या सुट्टीत ते कंपासपेटीत पट्टीवर निजून राहिलं. जूनमध्ये पेटी उघडली तर दोघं एकजीव. खोडरबर मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात तेच बाहेर येऊन प्लॅस्टिकला विरघळवतं, हे नंतर कळलं. ओढून काढलं तर पट्टीत त्याच्या आकाराचा खड्डा, सात ते नऊ सेंटिमीटर गायब. वर्षभर माझी प्रत्येक रेघ सातपाशी बुडायची आणि नऊपाशी वर यायची. बाई लाल पेनाने गोल करायच्या.

मग चेवच आला. कपाटातलं असलं मऊ-मऊ सगळंच बाहेर काढलं. दुर्बीण गेलेली. छत्रीची मूठ गेलेली. सगळ्यात तळाशी बाबांचा ट्रिमर निघाला, माझ्या पहिल्या बोनसमधून घेतलेला. "छान आहे. दिवाळीला काढू," म्हणाले होते आणि जुन्याच रेझरने दाढी करत राहिले. खोक्यावरची चिकटपट्टी अजून तशीच होती.

ते मी उघडलं नाही. होतं तिथे ठेवून दिलं.

वीज मधे कधीतरी येऊन गेली होती. पातेलं अजून माळ्यावरच आहे.