स्पायडर-मॅन, बाबा आणि डेडमॅन हँडल

शनिवार, रात्री पावणेबारा

दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. मनूचा क्लास बुडाला, वीज मात्र टिकली. मग पिठलं-भातावर जेवण उरकून तिघांनी ‘स्पायडर-मॅन २’ पाहिला. सॅम रायमीचा, २००४ चा. मी कितव्यांदा ते मोजत नाही. मनूचा पहिलाच. बाबा “मी आपला नुसता बसतो” म्हणून बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

मला हा सिनेमा आवडतो तो मारामाऱ्यांसाठी नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, सगळीकडे उशिरा पोचत असतो. मोपेडवर पिझ्झे घेऊन निघतो, ट्रॅफिकमध्ये अडकतो, नाइलाजाने पोशाख चढवून इमारतींवरून झोके घेत जातो, आणि तरी वेळ टळून गेलेलीच. त्या ऑफिसात झाडू ठेवायच्या कपाटातून तो बाहेर येतो तेव्हा एकेक झाडू त्याच्यामागे घरंगळत येतो. तो एक उचलून ठेवतो, दुसरा पडतो. मनू इथे सगळ्यात जास्त हसली. नोकरी गेली, भाडं थकलं, पोशाख धुवायला टाकला तर पांढऱ्या कपड्यांना लाल-निळा रंग बसला. अमेरिकन सुपरहिरोचं दुखणं इतकं घरगुती असतं हे तिला पटेना.

भाड्यासाठी तगादा लावणाऱ्या घरमालकाचं आडनाव डिटकोविच. पीटरला आणि त्याच्या कोळ्याच्या वेषाला पहिल्यांदा कागदावर उतरवलं ते स्टीव्ह डिटको या चित्रकाराने, त्याला हा रामराम. त्या घरमालकाची मुलगी एकदा दारात येते, चॉकलेट केकचा तुकडा आणि दुधाचा पेला पुढे करते. कथेच्या दृष्टीने त्या केकला काही काम नाही. पीटर खातो, ती बघत बसते, एवढंच. नंतरच्या सुपरहिरो सिनेमांत असा केक खायला कुणालाच वेळ नसतो.

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर घेतलेला स्पायडर-मॅन कॉमिकच्या जुन्या अंकांचा जाडा संग्रह माझ्याकडे आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईचा, पाठीचा डिंक सुटलेला. मध्यंतरात तो काढून मनूला पन्नासावा अंक दाखवला, जुलै १९६७ चा, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॉन रोमिता यांचा. गल्ली, पाऊस, कचऱ्याच्या डब्यावर लोंबणारा पोशाख आणि पाठमोरा चालत निघालेला पीटर. रायमीने ती चौकट जवळजवळ तशीच उचललीय. पण नुसती चौकट उचलून भागत नाही. कॉमिकमध्ये पीटरच्या डोक्यावर विचारांचे फुगे असतात, तो पानभर स्वतःशी बोलू शकतो. पडद्यावर ते जमायचं नाही. म्हणून इथे त्याचं मन बिघडलं की आधी हात बिघडतो: ऐन झोक्यात मनगटातून जाळं येतच नाही. मग लिफ्टने खाली जावं लागतं, शेजारी अनोळखी माणूस, आणि हा कबूल करतो की पोशाख खाजतो.

याची किंमतही आहे. मूळ कॉमिकमध्ये जाळं सोडायचं यंत्र पीटरने स्वतःच्या डोक्याने बनवलेलं असतं. सिनेमात ते शरीरातूनच येतं. पोरगा हुशार आहे हे मग प्राध्यापकांच्या तोंडून ऐकावं लागतं, त्याची हुशारी हातात धरून बघायला मिळत नाही. मला हा सौदा निम्माच पटतो.

खलनायक डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे शास्त्रज्ञ ऑक्टेव्हियस, याच्या बाबतीत सिनेमा कॉमिकच्या पुढे गेलाय. १९६३ च्या तिसऱ्या अंकातला ऑक्टेव्हियस मुळातच घमेंडखोर. आल्फ्रेड मोलिनाचा ऑक्टेव्हियस बायकोसोबत जेवायच्या टेबलावर बसून कवितेबद्दल बोलतो, म्हणून ती गेल्यावर आपलंही काहीतरी तुटतं. त्याच्या पाठीवरच्या चार यांत्रिक हातांमागे सेटवर कळसूत्री बाहुल्यांसारखी हलवणारी माणसं होती, सगळं काम संगणकाचं नव्हतं. ते हात एकमेकांकडे बघतात, कुजबुजतात असं वाटतं ते त्यामुळेच. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं, ते रास्तच. ऑपरेशन थिएटरमध्ये ते हात जागे होतात तेव्हा मनूने माझी उशी ओढून घेतली. रायमी मूळचा भयपटवाला, तिथे तो लपत नाही.

पण ऑक्टेव्हियसने हातावर मावणारा सूर्य बनवायचा आणि शेवटी तो नदीत बुडवून विझवायचा? मनू सातवीत आहे, तिनेही भुवया उंचावल्या. पीटरचा जीव जडलेल्या मेरी जेनबद्दल तर बोलायलाच नको. नाटकात उभी राहणारी, स्वतःचं ठरवणारी मुलगी, आणि शेवटच्या अर्ध्या तासात साखळ्यांनी बांधून किंचाळायला ठेवलेली. वर शेवटी बोहल्यावरून नवऱ्याला सोडून पळून येते, आणि त्या बिचाऱ्या अंतराळवीराचं काय झालं याची कुणाला फिकीर नाही.

आणि आता बाबा. बाबा मोटरमन होते, लोकल चालवत. आगगाडीचा प्रसंग सुरू झाला तसे ते पुढे सरकले. ऑक्टोपसने वेग वाढवून गाडी चालवायची दांडीच उखडली तेव्हा म्हणाले, “मग गाडी थांबायला हवी.” मी म्हटलं, “बाबा, सिनेमा आहे.” “असू दे. डेडमॅन हँडल असतं. दाबून धरलेला हात सुटला की इमर्जन्सी ब्रेक लागतो. म्हणून तर त्याला डेडमॅन म्हणतात.” शिवाय न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अशी उन्नत लाइन कुठून आली, हा माझा जुना आक्षेप आहेच. तो भाग शिकागोत चित्रित केलाय.

पण पीटर गाडीपुढे उभा राहिला, दोन्ही हातांनी जाळी ताणून, पोशाख फाटलेला, तोंडावर बुरखा नाही, तेव्हा बाबा गप्प झाले. गाडी थांबते, तो कोसळायच्या आत डब्यातले लोक त्याला धरतात आणि डोक्यांवरून हातोहात आत नेतात. कुणीतरी म्हणतं, हा तर पोर आहे. दोन मुलं बुरखा परत आणून देतात, सांगणार नाही म्हणतात.

संग्रहात बारावा अंक आहे, १९६४ चा. तिथेही ऑक्टोपस सगळ्यांसमोर त्याचा बुरखा ओढून काढतो. पण पीटर तापाने इतका फणफणलेला, इतका दुबळा, की लोकांना वाटतं हा स्पायडर-मॅन नव्हेच, पोरगा उगाच वेष घालून आलाय. चेहरा दिसूनही कुणी ओळखत नाही. सिनेमातल्या लोकांना तो कोण ते कळतं, आणि ते गप्प राहतात. ली आणि डिटको यांचा डाव जास्त धूर्त आहे. रायमीचा मला जास्त जवळचा. बाबांनी इतकी वर्षं गाडी चालवली, मागच्या डब्यांतल्या एकालाही त्यांचा चेहरा माहीत नव्हता.

मनू झोपली. भांडी विसळताना बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. पेला हातात धरून जरा वेळ उभे राहिले.

“त्या मोटरमनची चौकशी लागली असेल ना गं?”

“कुठल्या?”

“त्या गाडीच्या. दांडी मोडली म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार त्याच्यावर?”