आठ मिनिटांचा बाप

लघुपटात कुणी बोलत नसलं की तो आमच्या आत्याला लवकर कळतो. तिला कमी ऐकू येतं, हे एक कारण. दुसरं तिनंच सांगितलेलं: "शिरेलीतल्या बाया बोल बोल बोलतात अन् झालं काय ते कळतच नाही." म्हणून पैठणला तिच्याकडे गेलो की मी मोबाइलवर शोधून शोधून बिनबोलाचे लघुपट लावतो. परक्या देशातली माणसं घर, आईबाप, सुटलेली नाती इतक्या थोडक्यात कशी मांडतात, याचं मला नवल. आत्याचा प्रश्न सरळ असतो: "ह्याला लेकरंबाळं नाहीत का?"

हे तिनं कुनिओ कातो या जपानी दिग्दर्शकाच्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं होतं. 'ला मेझाँ आं पेति क्यूब', २००८ सालचा, १२ मिनिटांचा. पाणी चढत जातं तसतसा म्हातारा घरावर आणखी एक खोली बांधतो आणि वर राहायला जातो. एकदा त्याचा पाइप पाण्यात पडतो. तो काढायला म्हातारा पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरतो, आणि एकेका बुडालेल्या खोलीत त्याला मागचे दिवस भेटतात. आजारी बायकोचा पलंग, मुलगी-जावई-नातवंडं, त्याखाली मुलीचं लहानपण, आणि अगदी तळाशी नवराबायको मिळून विटा रचताहेत.

आत्याला यात कल्पनेची भरारी वगैरे काही दिसली नाही. तिचं माहेर, म्हणजे आमचं मूळ गाव, जायकवाडी धरणाच्या पाण्यात, नाथसागरात गेलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, आणि या कामापायी शंभरावर गावं उठली. मोठा दुष्काळ पडला, पाणी मागं सरकलं की जुनी जोती उघडी पडतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आत्या मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आपलं घर बघायला गेली. ओसरी सापडली नाही. जमिनीत पुरलेलं एक दगडी उखळ तेवढं दिसलं. ते आपलं की शेजाऱ्यांचं, यावरून तिचं आणि काकांचं तिथंच, त्या भेगाळलेल्या चिखलात, जुंपलं.

म्हणून पडद्यावरचा म्हातारा पाण्यात उतरला तेव्हा ती म्हणाली, "बरंय त्याचं. सगळं खाली हाये, पण जागच्या जागी हाये."

माझा जीव मात्र मायकेल ड्युडॉक डे विटच्या 'फादर अँड डॉटर'वर. २००० सालचा, जेमतेम ८ मिनिटांचा. बाप आणि मुलगी सायकलवरून बांधावर येतात. बाप तिला जवळ घेतो, होडीत बसतो आणि जातो. का, कुठं, कोण पाठवतंय, काही सांगत नाही. मुलगी सायकलवर पुन्हा पुन्हा त्या जागी येते. मोठी होते, मुलंबाळं होतात, म्हातारी होते, आणि येतच राहते. आपल्याकडं हाच लघुपट कुणी केला असता तर बापाच्या कर्जाचा एक प्रसंग नक्की घातला असता.

आणि घालू नये तरी कसा, असंही वाटतं. बीडकडं दसरा-दिवाळीनंतर उसाच्या फडावर जाणाऱ्या आईबापांना पोरं वेशीपर्यंत सोडायला येतात, तेव्हा ते का चाललेत हे पोरांनाही पाठ असतं. मुकादमाची उचल घेतलेली असते. मागं आजीजवळ राहिलेलं लेकरू चार-पाच महिन्यांनी वितभर उंच होऊन समोर येतं आणि आईच्याच कडेला जायला लाजतं. इथला बाप दरवर्षी जातो आणि दरवर्षी परतही येतो. डे विटची ती एकच होडी याला पुरायची नाही.

डोमी शीचा 'बाओ' (२०१८, पिक्सार) मला जरा गोडच वाटतो. टोरांटोतली चिनी आई, तिनं केलेल्या बाओला, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या गोळ्याला, हातपाय फुटतात, तो पोर होतो, वाढतो, एक दिवस मैत्रीण घेऊन घर सोडायला निघतो, तेव्हा आई त्याला चक्क खाऊन टाकते. मी दचकलो होतो. आत्या म्हणाली, "बरं केलं." तिचा धाकटा चाकणला असतो. या तिन्ही लघुपटांना ऑस्कर मिळालंय, असं मी तिला सांगून पाहिलं. त्यावर तिनं चहा ठेवायला सांगितलं.

मग एकदा मला वाटलं, आपणही करावा एक. मोबाइल उभा केला आणि आत्याला म्हटलं, गाव कसं होतं सांग. मला हवी होती नदी, घाट, झालंच तर लग्नाआधीचं अंगण. तिनं सुरुवात केली ती बांध कुणी कोरला इथून. मग सातबाऱ्यावर कुणाचं नाव आधी लागलं, मोबदला किती ठरला आणि हातात किती आला, कुणाच्या म्हशीनं कुणाचं पीक खाल्लं. डोळ्यांत पाणी एकदाच आलं, तेही भावकीनं चिंचेचं झाड परस्पर विकलं ते सांगताना. नदीबद्दल विचारलं तर म्हणाली, "नदी काय, तिथंच होती."

रेकॉर्डिंग तासाभराचं झालंय. त्यातली कुठली आठ मिनिटं ठेवायची ते मला ठरवता येत नाही. काकांनी सगळं ऐकलंय. त्यांचं म्हणणं, मोबदल्याचं तेवढं राहू दे, बाकीचं काढून टाक.