वरचे दात

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी हाळीच्या बैलबाजारात होतो. पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रती संपल्या, दुसरी काढतोय, दुरुस्त्या संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाले. कसल्या दुरुस्त्या? संग्रहाला जिचं नाव आहे ती कथा दिवाळी अंकाच्या स्पर्धेत पहिली आलेली. देवणी जातीचा बैल स्वतःच बोलतो तिच्यात. ‘काही नाहीत,’ मी रुबाबात सांगून टाकलं.

चहाच्या टपरीवर एका दलालानं ओळखलं. “बैलाचं लिवणारे तुमीच का? नातीनं वाचून दाखवली.”

२०२२ साली इथून जवळच, उदगीरला साहित्य संमेलन भरलं होतं. तिथंही मला असा वाचक भेटला नव्हता. मी फुललो.

“बैल चांगला बोलतोय. पर शेवटाला मालकाची बाही वरच्या-खालच्या दातात घट्ट धरतोय. वरचे दात कुठून आणले?”

मला वाटलं, थट्टा चाललीय. त्यानं मनगट धरून एका शेवऱ्या गोऱ्ह्यापुढे नेलं. (अंगावर काळे ठिपके तो शेवरा, पांढराफेक तो बाळंक्या, तोंड काळं तो वानेरा. एवढं मला येत होतं आणि एवढ्याच भांडवलावर मी बैलांचा लेखक झालो होतो.) एका हातात वेसण, दुसऱ्यानं खालचा ओठ ओढला. मधे दोन रुंद दात, बाजूला बारके दुधाचे. “दोनदाती. मग चार, सहा. आठ झाले की जुळला, म्हंजे पुरा वाढला.” आणि वर? समोर एकही दात नाही. माझं बोट त्यानंच आत सरकवलं. ओली, टणक हिरडी, झिजल्या चपलेच्या तळव्यासारखी. तेवढ्यात गोऱ्ह्यानं किसणीसारखी जीभ बोटांभोवती गुंडाळली.

“गवत बी असंच वढतंय.”

आमच्या दावणीला दोन बैल होते. दात आजोबा बघायचे, मी कधी वाकून पाहिलं नाही. संपादकांना खटकलं नाही, परीक्षकांनाही नाही. सगळे आपले पगारावर जगणारे. आणि एक कबूल करतो. कथेतला बैल लांबून लाल झूल ओळखतो. गुरांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, हे मी वाचलेलं होतं. वाक्य झकास जमलं म्हणून ठेवलं.

प्रकाशकांना परत फोन लावला. झुलीचा रंग काढा आणि शेवट बदला.

“अहो, बक्षीस त्या शेवटालाच मिळालंय!”

चहाच्या टपरीवरच, बिडीच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं: ‘मी जिभेनं त्याच्या बाहीला वेढा घातला. त्यानं हात ओढला. बाही सुटली.’

दलालाला वाचून दाखवलं.

“हां,” म्हणाला, आणि भाव ठरवायला रुमालाखाली दुसऱ्या गिऱ्हाइकाची बोटं दाबू लागला.