इंजिन बांधणं

कोल्हापुरात इंजिन कुणी 'असेंबल' करत नाही. इथं इंजिन खोलतात आणि बांधतात. फेटा बांधावा तसं.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षं परड्यात ताडपत्रीखाली होती. 1089 सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. यंदा दोस्त म्हणाला, "भंगारात घालायच्या आधी खोलून तर बघूया की भावा."

दोघांतच काम उरकू असं वाटलं होतं. पण म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन घडवलेलं हे गाव. उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस इथं गल्लीगल्लीत सापडतो. आमच्या गल्लीतले काका तर बॉनेटचा आवाज ऐकूनच कपबशी घेऊन हजर झाले. "हेडचे बोल्ट सोडताना कडंनं आत, आवळताना मधनं बाहेर. उलटं केलासा तर हेड वाकडं हुतंय."

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उचललं. दोस्त म्हणाला, आत बोट घाल. सिलिंडरच्या भिंतीवरून बोट वर सरकवलं, तर कडेशी नख अडकलं. पिस्टनची रिंग जिथवर पोचते तिथवर लोखंड झिजलेलं, त्याच्या वर मूळचं तसंच. गाडीचा मीटर कधीचाच बंद होता. वडिलांनी किती फिरवली याचा हिशेब असा नखाला लागला. मी परत परत बोट घालत राहिलो. दोस्त काही बोलला नाही, नटबोल्ट मोजत बसला.

ब्लॉक टेम्पोतनं उद्यमनगरात गेला, बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतनं मोठे करून, त्यांना बसतील असे ओव्हरसाइझ पिस्टन घेऊन आला. तोवर माझ्याकडं सुटे भाग धुण्याचं खातं. रॉकेल ओतलेली परात पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही, असा घरातनं हुकूम झाला.

मला आवडलं ते व्हॉल्व्ह घासणं. काठीच्या टोकाला रबरी वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, व्हॉल्व्ह हेडमध्ये जिथं टेकतो त्या कडेवर, म्हणजे त्याच्या सीटवर, घासायची पेस्ट लावायची आणि तळहातांत काठी फिरवायची, रवीनं ताक घुसळावं तशी. आधी खरखर येते. मग आवाज मऊ होत जातो. पुसून बघितलं की कडेनं अखंड करडी रेघ दिसली पाहिजे. एका व्हॉल्व्हला ती एवढ्याशा जागी तुटत होती. त्या एवढ्याशा जागेनं माझा अख्खा रविवार खाल्ला.

बांधून झालं. नारळ फोडला, सेल्फ मारला. कार्बोरेटरमधनं फाडकन बार निघाला आणि समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. प्लगच्या वायरी ठिणगीच्या क्रमानं तपासल्या: एक, तीन, चार, दोन. बरोबर. पुन्हा बार.

काकांनी बशीतला चहा संपवला. "पिस्टन वर येतोय ते दोनदा. एकदा दाबायला, एकदा धूर घालवायला. तुम्ही कुठल्या येण्याला धरलासा?"

आम्ही चुकीच्या येण्याला धरलं होतं, ठिणगी धूर घालवायच्या वेळी पडत होती. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग, अर्धा फेरा फिरवून बसवला. इंजिन खोकलं, थांबलं, आणि मग चालूच राहिलं.

मला तडक पन्हाळ्याला जायचं होतं. दोस्त म्हणाला, रिंगा नव्या आहेत, इतक्यात घाट न्हाई. म्हणून रंकाळ्यापर्यंतच गेलो. तिथं पोचल्यावर गाडी बंद करायचं धाडस दोघांनाही होईना. शेवटी दोस्त उतरून मिसळ घेऊन आला. मी एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून खाल्ली. कट सांडला तो सीटवर अजून आहे.