सगळे निघाले, मी इथेच

११ जुलै २०२४, राथेन

आम्ही चौघं निरोपाच्या सहलीला निघालोय. सकाळी ड्रेस्डेनहून एस-बान या लोकलने राथेनला आलो. तिकिटाची चिंता नाही. यंदा ४९ युरोंचं असलेलं डॉइचलँडटिकिट महिनाभर जर्मनीतल्या कुठल्याही लोकल, ट्राम, बस, रिजनल गाडीत चालतं. फक्त आयसीईसारख्या वेगवान गाड्यांकडे बघायचं नाही. ज्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ भरपूर, अशा माणसासाठी हे तिकीट आहे. आमच्याकडे या खेपेला वेळही कमीच आहे, पण ते तिकीट विकणाऱ्याला काय माहीत.

चेट्टनला श्टुटगार्टमध्ये नोकरी लागली. तो मूळचा केरळचा, पण आता इथला प्रत्येक जण, जर्मन धरून, त्याला चेट्टनच म्हणतो, म्हणजे मल्याळममध्ये दादा. प्रोफेसर, म्हणजे आमचा इटालियन, पीएचडीला व्हिएन्नाला चाललाय. बोगोटा, म्हणजे आमची कोलंबियन मैत्रीण, आपल्या गावी बोगोटाला परत. आणि मी ड्रेस्डेनमध्येच. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, तो घ्यायचा आणि अर्ज टाकत बसायचं. शिक्षण संपवून निघणाऱ्यांचं लिखाण मी ढीगभर वाचलंय. बॅगा, विमानतळ, खिडकीतून शेवटचं शहर वगैरे. जो मागे उरतो त्याचं काय, ते कुणी लिहिलेलं आठवत नाही. त्याला त्याच ट्रामने तेच स्टॉप बघत जायचं असतं.

राथेनचं स्टेशन एल्बेच्या या काठाला आणि बास्टायचे उंच कडे त्या काठाला. मधे पूल नाही, फेरी आहे, तीही बिनइंजिनाची. नदीच्या वरच्या अंगाला तळाशी नांगर रोवलाय, त्याला लांबच लांब तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला होडी. होडी प्रवाहाला जराशी तिरकी धरली की पाणीच तिला पलीकडे ढकलतं. परत यायचं तर कोन उलटा करायचा. डिझेल नाही, आवाज नाही. मी उतरलेच नाही, तीच फेरी परत या काठाला आली आणि पुन्हा गेली. तिघं पलीकडे उभं राहून हात करत होते. जलविज्ञान शिकलेल्या बाईला नदीवर आणलं की दिवसाचं वेळापत्रक बोंबलतं, हे त्यांना एव्हाना माहीत आहे.

बास्टायचा पूल फोटोत दिसतो तसाच दिसतो. १८५१ साली बांधलेला, वालुकाश्माचा, खाली १९४ मीटरवर नदी. गर्दी इतकी की फोटो काढायलाही रांग. मला खरं तर वरून दिसणारं नदीचं वळण बघायचं होतं. माझा थिसिस एल्बेच्या आटण्यावर आहे, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं आणि का. ड्रेस्डेनमध्ये सगळे २००२च्या ऑगस्टमधल्या पुराची गोष्ट सांगतात, ९ मीटर ४० सेंटिमीटर. आटलेल्या नदीची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात कुणाचं तळघर बुडत नाही. पण लोकांनी तीही नोंदून ठेवली आहे. इथून थोडं वर, चेक हद्दीत द्येचीनला, नदीच्या पात्रात एक दगड आहे. पाणी फार खाली गेलं तरच उघडा पडतो. त्यावर कोरलंय, ‘मला पाहिलंस तर रड.’ सोबत साल १६१६. नदी आटली म्हणजे धान्याच्या होड्या थांबल्या, पाणचक्क्या थांबल्या, उपासमार आली. २०१८ आणि २०२२च्या दुष्काळात तो वर आला होता.

बोगोटाने विचारलं, आज दिसत असेल का? मी म्हटलं, नाही, आज पाणी बरंच आहे. ‘मग ठरलं,’ ती म्हणाली, ‘विमानतळावर कुणी रडायचं नाही. दगडाने परवानगी दिलेली नाही.’

१२ जुलै, ग्योर्लित्स

जर्मनीचं सगळ्यात पूर्वेकडचं शहर. नाइसे नदी ओलांडली की पोलंड, आणि ओलांडायला पायी पूल. १९४५ नंतर नदी हीच सीमा झाली आणि एकाच गावाचे दोन देशांत दोन तुकडे झाले. पलीकडच्याचं नाव झ्गोझेलेत्स.

युरोपात सीमा नाहीत असं म्हणतात ते पूर्णपणे खरं नाही. गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीने पोलंडच्या सीमेवर तपासणी ठेवली आहे. पुलावर पाऊल टाकण्याआधी माझा हात आपोआप खिशात गेला: पासपोर्ट, परवान्याचं कार्ड. बाजूला बोगोटा तेच करत होती, चेट्टनसुद्धा. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. प्रोफेसर निम्म्या पुलावर पोचला होता आणि त्याचं पाकीट खोलीवर राहिलं होतं. त्याच्या ते लक्षातही नव्हतं. आम्ही सांगितल्यावर म्हणाला, ‘बरं, मग?’

कुणीच काही विचारलं नाही. पलीकडे जाऊन बसलो, तासाभराने परत आलो. पण मला ते ‘बरं, मग?’ दिवसभर पुरलं. त्याच्यावर राग नाही, तो असाच आहे आणि असाच चांगला आहे. तो म्हणतो, ‘पुढच्या वर्षी व्हिएन्नाला या सगळे’, आणि ते त्याच्या दृष्टीने वाक्याचा शेवट असतो. आमच्या तिघांच्या डोक्यात तिथून पुढे कागदांची यादी सुरू होते. बोगोटाला युरोपात तीन महिने बिनव्हिशाचं फिरता येतं, तिचं अडतं ते विमानाच्या तिकिटापाशी. माझं कार्ड आहे तोवर मी व्हिएन्नाला जाऊ शकते. कार्ड संपलं आणि नोकरी मिळाली नाही, तर मग अपॉइंटमेंट, बँकेचा उतारा, बोटांचे ठसे. ‘परत भेटू’ म्हणायला प्रत्येकाला वेगळी किंमत पडते.

दुपारी नदीकाठच्या बागेत एक दगड बघितला. पूर्व रेखांश १५ अंश इथून जातो, आणि मध्य युरोपची घड्याळं त्याच रेषेवर लावलेली आहेत. आपली साडेब्याऐंशीवर. फरक साडेसदुसष्ट अंशांचा, १५ अंशांना एक तास, म्हणजे बरोबर साडेचार तास. उन्हाळ्यात हे लोक घड्याळ तासभर पुढे ढकलतात म्हणून साडेतीन. आईला फोन करताना दोन वर्षं जे बोटांवर मोजलं त्याचं मूळ या बागेत आहे, हे बघून मी फार खूश झाले. बोगोटाने लगेच आपला हिशेब लावला: ती उन्हाळ्यात माझ्या सात तास मागे असेल, हिवाळ्यात सहा. ती सकाळी सातला उठेल तेव्हा माझे दुपारचे दोन. ‘म्हणजे मी उठल्या उठल्या तुझी दुपारची चिडचिड ऐकायची,’ ती म्हणाली.

(नाइसेचं पाणी ओडरमधून बाल्टिकला जातं. एल्बेशी संबंध नाही. चेट्टनने मला हे तीनदा ऐकवलं.)

१३ जुलै

कॉटबुसला गाडी बदलून बर्लिन. डब्यात इंग्लंडचे झेंडे पांघरलेली मंडळी. लिहिण्यासारखं काही नाही, झोपले.

१४ जुलै, बर्लिन, म्हणजे खरं तर १५ची सकाळ

आज युरो करंडकाची अंतिम मॅच इथेच ऑलिम्पिक स्टेडियममध्ये होती, स्पेन विरुद्ध इंग्लंड. तिकिटं आमच्या स्वप्नातही नव्हती. प्रोफेसर फुटबॉलवर बोलत नाही. गतविजेत्या इटलीला याच स्टेडियममध्ये स्वित्झर्लंडने हरवलं, त्याला अजून सुतक आहे.

दिवसा फ्रीडरिशश्ट्रास स्टेशनाला लागून असलेल्या ट्रेनेनपालास्टमध्ये गेलो. प्रवेश फुकट. काचेचा आणि पोलादाचा लखलखीत हॉल, भिंत उभी राहिली त्याच्या पुढच्या वर्षी, १९६२ साली बांधलेला. पूर्व बर्लिनमधून पश्चिमेला परतणारे इथून जात. पाहुणे आत शिरायचे, पोचवायला आलेले नातेवाईक दारातच थांबायचे. म्हणून लोकांनीच त्याला अश्रूंचा महाल म्हणायला सुरुवात केली. पासपोर्ट तपासायची मूळची केबिन अजून आहे. अरुंद बोळ, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा, वर तिरका आरसा, पुढे दार. आम्ही एकेक करून त्यातून गेलो.

आमच्या निरोपाची तुलना त्याच्याशी करणं शोभणार नाही, आणि मी ती करतही नाही. एक मात्र तिथे पहिल्यांदा दिसलं. केबिन, शिक्के, सामानाचं टेबल, सगळं जाणाऱ्यासाठी बांधलेलं आहे. राहणाऱ्यासाठी फक्त बाहेरचा फुटपाथ. त्याला तिथून वळून घरी जायचं असायचं, बहुधा ट्रामनेच, आणि सकाळी कामावर. मी बाहेर येऊन त्या फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले. चेट्टनला वाटलं मला चक्कर येतेय. त्याने पाणी आणून दिलं.

रात्री होस्टेलच्या कॉमन रूममध्ये स्पेन २-१ने जिंकला. लोक ओरडून, नाचून झोपायला गेले. आमची खरी मॅच पुढे होती. त्याच रात्री मायामीत कोपा अमेरिकाची अंतिम मॅच, अर्जेंटिना विरुद्ध कोलंबिया. इथल्या घड्याळाने पहाटे दोनला सुरू व्हायची होती. प्रवेशद्वारावरच्या गोंधळामुळे लांबत लांबत सव्वातीनच्या पुढे गेली. बोगोटाने पिवळा शर्ट घातला होता आणि लॅपटॉप मांडीवर. कोलंबिया २८ सामने हरलेला नव्हता, हे तिने प्रत्येक दहा मिनिटांनी सांगितलं. मेस्सी जखमी होऊन रडत बाहेर गेला तेव्हा तिलाही वाईट वाटलं, पण फार नाही. ९० मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळ. बाहेर उजाडलं, कुणीतरी नाश्त्याची भांडी लावायला आलं, आणि ११२व्या मिनिटाला लाउतारो मार्टिनेझने गोल केला.

ती काही बोलली नाही. लॅपटॉप मिटला. मग इतकी रडली की भांडी लावणारी बाई टिश्यूचा अख्खा डबा ठेवून गेली. प्रोफेसर तिच्या बाजूला जमिनीवर बसला आणि म्हणाला, ‘दगडाने परवानगी दिली नव्हती.’ ती रडतारडताच हसायला लागली, मग आम्ही सगळेच. हे सगळं रडणं कोलंबियासाठी होतं असं आम्ही चौघांनी ठरवलं आहे.

१६ जुलै, हॅम्बुर्ग

काल बर्लिनहून निघून श्वेरिनला बदलून रिजनल गाडीने आलो. आयसीईला दोन तास लागतात. आमचा निम्मा दिवस गेला, तिघं झोपले, मी खिडकी धरली.

६२ नंबरची बोट इथे बससारखी चालते, आमचं तिकीटही तीत चालतं. लांडुंग्सब्रुकनहून फिंकेनवेर्डरला गेलो. आणि मला जे बघायचं होतं ते दिसलं: एल्बे उलटी वाहत होती. समुद्र इथून बराच दूर असला तरी भरती हॅम्बुर्गपर्यंत शिरते, पाण्याची पातळी साडेतीन मीटरहून जास्त वरखाली होते. खांबाला अडकलेली एक काठी वळसा घेऊन सुटली आणि उगमाच्या दिशेने निघाली. राथेनला ज्या नदीने आम्हाला फुकट ढकललं, बर्लिनच्या श्प्रेचं पाणी हाफेलमधून जिच्यात येऊन मिळतं, तीच ही. मी एवढं सगळं सांगेपर्यंत ते तिघं वरच्या डेकवर पळाले होते.

संध्याकाळी जुन्या एल्ब-बोगद्यातून पायी पलीकडे गेलो. १९११चा बोगदा, पाण्याखाली २४ मीटर, भिंतींवर मासे-खेकडे कोरलेल्या फरशा. एका फरशीवर चक्क बूट आणि उंदीर. ज्याने ही लावली त्याला नदीचा तळ खराखुरा माहीत होता.

१७ जुलै

बोगोटाला सोडायला विमानतळावर गेलो. हॅम्बुर्गची एस-१ गाडी ओल्सडोर्फला दुभंगते, पुढचे डबे विमानतळाला, मागचे पॉपेनब्युटेलला. घोषणा ऐकून चेट्टनने काहीतरी गहन बोलायला तोंड उघडलं. आम्ही तिघांनी मिळून त्याला गप्प केलं.

१९ जुलै, ड्रेस्डेन

प्रोफेसर काल रात्री गेला, चेट्टन आज दुपारी. जाताना त्यांनी माझ्या खोलीत आणून टाकलेला माल: दोन केटल (माझी धरून तीन), राइस कुकर, एक पाय हलणारा टेबलफॅन, अर्धवट भरलेल्या मसाल्यांच्या बाटल्या, इस्त्री, प्रोफेसरची तुळस, जी तो पास्त्यात घालायचा आणि मी रागवायचे, बोगोटाची सायकल, आणि रिकाम्या बाटल्यांची पोती. बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकून आले. प्लास्टिकच्या २५ सेंटवाल्या निघाल्या म्हणून बरं, बिअरच्या काचेच्या तर नुसत्या आठ-आठ सेंटच्या. तरी आठवड्याचं दूध-भाजी सुटेल.

चेट्टनचं गाव बदलल्याची नोंद, प्रोफेसरची खोली ताब्यात देणं, भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवणं, सगळं आठवडाभर आधीच उरकलं होतं. माझ्या भिंतीवरचे खिळे तसेच आहेत. आज एक नवीन ठोकला, आधी कॅलेंडरसाठी जागाच नव्हती.

संध्याकाळी ग्रुपवर जाहिरात टाकली: केटल दोन, कुकर, पंखा, सायकल. तासाभरात ऑक्टोबरला येणाऱ्या एका मुलीचा मराठीत निरोप आला, ताई, सायकल तोवर ठेवाल का, आणि एल्बेच्या काठाने चालवता येते का? लिहिलं, येते, पण पुढचा ब्रेक बदलावा लागेल, तो मी बदलून ठेवते.