तुम्ही विचारलंत म्हणून: भू-भू लिहायला लेखिका कशाला लागते?

अगदी लहान मुलांचे प्राण्यांच्या गाण्यांचे जे व्हिडिओ असतात ना, त्यातली गाणी मी लिहिते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "त्यात लिहायचं काय असतं? गाय हम्मा, कुत्रा भू-भू, मांजर म्यांव. झालं गाणं!" लग्नात, प्रवासात, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेली असताना, सगळीकडे हाच प्रश्न. दाताच्या डॉक्टरांना उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून आता सविस्तर देते.

आधी कबुली. माझं निम्मं काम मराठीने आधीच करून ठेवलंय. आपल्याकडे लहान मुलासाठी प्राण्याचा आवाज हेच त्याचं नाव असतं: चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा. 'चिमणी' म्हणायला जीभ तयार व्हायच्या आधी मूल 'चिऊ' म्हणून मोकळं होतं. म, ब, प ही अक्षरं ओठांवर होतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघून उचलता येतात. र आणि ळ बऱ्याच उशिरा जमतात. त्यामुळे हरिण दिसायला कितीही गोड असलं तरी माझ्या गाण्यात ते सहसा मागे झाडाजवळ उभं असतं. आणि 'हंबरते', 'खिंकाळतो' ही क्रियापदं मला फार प्रिय आहेत, पण दोन वर्षांच्या मुलासमोर ती वापरणं म्हणजे बाहुलीला नऊवारी नेसवण्यासारखं आहे. हौस आपलीच.

खरी गंमत दुसऱ्या भाषेतला तयार व्हिडिओ मराठीत आणायचा असतो तेव्हा. कोंबडा आपल्याकडे कुकूचकू करतो, फ्रेंचमध्ये कोकोरिको, जपानीत कोकेकोक्को. तिथे चोच उघडमीट झाली की भागतं. पण इंग्रजी गाय 'मू' म्हणते, तेव्हा तिचे ओठ शेवटी चंबूसारखे पुढे येतात. आपली 'हम्मा' म्हणते, तेव्हा ओठ मधे मिटतात आणि शेवटी तोंड आ वासून उघडं राहतं. चंबू केलेल्या तोंडातून 'मा' निघताना बघवत नाही. एकदा एका गाईपायी दोन दिवस गेले. शेवटी त्या ओळीपुरतं तिचं तोंड गवतात घातलं.

पण लिहिण्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे जिथे काहीच लिहायचं नसतं ती जागा. सुरुवातीच्या एका गाण्यात ओळ होती, "गोठ्यात कोण बोलतं?" आणि लगेच कोरस, "हम्मा, हम्मा!" गाणं गोड झालं होतं. मैत्रिणीच्या दोन वर्षांच्या मुलीला दाखवलं. ती पुतळ्यासारखी बघत राहिली. पापणी हलेना, ओठ हलेनात. मोठ्यांना वाटलं, किती रमलीय! मला मात्र धडकी भरली. आम्ही कोरस काढून टाकला, फक्त ताल चालू ठेवला. मिनिटाला शंभर ठोक्यांची लय होती आणि रिकामे ठोके चार, म्हणजे 2.4 सेकंद. वाचायला काहीच नाही, पण स्टुडिओत ऐकताना युगासारखं वाटतं. संगीतकाराचा हात शिवशिवतो, तो एखादी घंटा, एखादी टाळी घालायला बघतो. मी घालू देत नाही. पुन्हा त्या मुलीला दाखवलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा ती आईकडे वळून बघायला लागली. चौथ्यांदा त्या रिकाम्या जागेत, ठोका चुकवून, सगळं घर हादरेल असा आवाज आला: "हम्माऽऽ!"

ही युक्ती माझी नव्हे. 1996 मध्ये अमेरिकेत निकलोडियन या वाहिनीवर 'ब्लूज क्लूज' नावाचा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात निवेदक प्रश्न विचारून खरोखरच गप्प राहायचा, समोरच्या मुलाचं उत्तर येईपर्यंत. शिवाय एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे. मुलं कंटाळतील असं मोठ्यांना वाटतं, पण तोच भाग पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मुलं जास्त उत्तरं द्यायला लागली. "तेच गाणं शंभरदा का लावायला सांगतो?" असं विचारणाऱ्या आईबाबांना मी हेच सांगते. पहिल्यांदा ते गाणं आमचं असतं. पुढे काय येणार हे कळलं की ते त्याचं होतं, आणि मग तो आधीच ओरडून मोकळा होतो.

आता शार्क. हा विषय काढल्याशिवाय कोणी सोडत नाही. 'बेबी शार्क' हे मुळात शिबिरांतून मुलं म्हणायची असं गाणं. दक्षिण कोरियाच्या पिंकफाँग कंपनीचा व्हिडिओ 2016 मध्ये आला, नोव्हेंबर 2020 मध्ये तो यूट्यूबवर सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ ठरला आणि जानेवारी 2022 मध्ये 1000 कोटींचा आकडा ओलांडणारा पहिला. घरोघरचे आईबाबा त्या गाण्याला वैतागलेत, मलाही ते झोपेत ऐकू येतं. पण माझा धंदा म्हणून बघते तेव्हा टोपी काढावीशी वाटते, कारण शार्कला स्वरयंत्रच नसतं. भू-भू नाही, म्यांव नाही, काहीच नाही. तिथे आवाजाचं काम हातांनी केलंय: बाळाला दोन बोटांचा जबडा, आईला तळव्यांचा, बाबांना अख्ख्या हातांचा. बोलता न येणारं मूलही त्यात भाग घेऊ शकतं.

मग हळूच दुसरा प्रश्न येतो: "दाखवावं का हो मुलांना?" माझ्या पोटावर पाय देऊन सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं पूर्ण होण्याआधी बसून स्क्रीन बघणं नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. एवढ्या लहान वयात पडद्यावरून मूल जेवढं शिकतं, त्याहून जास्त तीच गोष्ट समोरच्या माणसाकडून शिकतं. मी सोडलेली जागा चार ठोक्यांची असते, पण त्या जागेत कोण काय म्हणालं हे व्हिडिओला ऐकू येत नाही. हे मला एका छोट्या मुलाने शिकवलं. शेळी आली, तो आत्मविश्वासाने म्हणाला, "भूभू!" आणि आमचा व्हिडिओ आनंदाने किंचाळला, "शाब्बास!" शेजारी बसलेल्या आजीने मात्र त्याच्याकडे बघून "अरे, ही तर बें बें" म्हटलं, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या दिवसापासून माझ्या गाण्यात शाब्बास नाही.

सध्या सशावर अडलेय. ससा तसा गप्प प्राणी, आणि खोटा आवाज द्यायचा नाही असं मी ठरवलंय. म्हणून "ससा काय बोलतो?" यानंतर चार ठोके पूर्ण शांत ठेवलेत, ताल पण बंद, फक्त दोन कान वर होतात. काल ॲनिमेशनवाल्या मुलाचा निरोप आला: "ताई, सशाच्या ओळीनंतर ऑडिओ उडालाय, पुन्हा पाठवता का?"