लेबल गळालेली बाटली

मंगळवार, रात्री

दवाखान्यात होमिओपॅथीच्या औषधांच्या कपाटात, तिसऱ्या खणात आज एक बाटली बिनलेबलाची निघाली. छोटी, दोन ड्रॅमची, निम्मी भरलेली, आत तीस नंबरच्या साखरेच्या गोळ्या. लेबल फळीवर पडलेलं. अर्धं कसरीने खाल्लेलं, उरलेल्यावर शाई पसरलेली. 200 तेवढं वाचता आलं, म्हणजे औषधाची शक्ती. नाव नाही.

एवढंच झालं. पण दुपारपासून मन त्या बाटलीतच आहे.

चिपळूणच्या पावसात गोंद ओल धरतो, लेबलाची कड उचलली जाते आणि कसरीला तेवढं पुरतं. 2021 च्या पुरात खालचे दोन खण गेले तेव्हाच सगळी लेबलं नव्याने करायला हवी होती. असो.

बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या. हिच्या डावीकडे नेट्रम म्युर, उजवीकडे नक्स व्होमिका. म्हणजे मधली नेट्रम सल्फ, नायट्रिक अ‍ॅसिड किंवा नक्स मोस्काटा. नक्स मोस्काटाच्या 200 च्या गोळ्या मी भरून ठेवत नाही. नायट्रिक अ‍ॅसिड पहिल्या खणात, अ‍ॅसिडांच्या रांगेत जागेवर होतं. उरलं नेट्रम सल्फ. बहुतेक.

आणि बाहेर बाकावर काका नेमके त्याच औषधासाठी बसलेले. ओल्या हवेने बळावणारा, पहाटे चार-पाचला उठवून बसवणारा दमा. हात बाटलीच्या बुचापर्यंत गेला होता. ‘बहुतेक’वर पुडी बांधायची नाही म्हणून मागे घेतला आणि नवी बाटली भरली. कोरड्या बाटलीत पाऊण भागापर्यंत गोळ्या, वर 200 चं डायल्यूशन, म्हणजे स्पिरिटातलं पातळ औषध, सगळ्या गोळ्या नुसत्या ओलसर होतील इतकेच थेंब. बूच लावून बाटली आडवी करून फिरवायची. जास्तीचं तळाशी साचू द्यायचं नाही, टिपकागदावर निथळायचं. स्पिरिट कडक असेल तर साखर विरघळत नाही. त्यात पाण्याचा अंश वाढला की गोळ्या एकमेकींना चिकटतात, दोन दिवसांनी आत खडीसाखरेचा खडा. ही कामं सवयीची, त्यांत मन रमतं.

काकांना आधी दम्याच्या पंपाचं विचारलं. पंप बंद करायचा नाही, हे पुडीवरही लिहून दिलं. बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, तर माझ्याकडे न येता सरळ कामथ्याच्या सरकारी रुग्णालयात. मग एक पुडी आज रात्रीची, औषधाची. पुढच्या सात दिवसांच्या बाटलीत नुसत्या गोळ्या, सॅक लॅक, म्हणजे बिनऔषधाची साखर. त्या सात दिवसांबद्दल आज लिहीत नाही.

सलतंय ते हे, की मी ती बाटली वापरली असती आणि अंदाज चुकला असता, तर कुणाला कळलं असतं? काकांना नाही, मला नाही. मदर टिंक्चरची, म्हणजे पातळ न केलेल्या मूळ अर्काची, गोष्ट वेगळी. असाफोटिडाचं बूच काढलं की हिंगाचा वास, नक्स व्होमिकाचा थेंब जिभेवर टेकला तर कडू जहर. पण 200 ला नाक-जीभ काय करणार? एक भाग औषध, नव्याण्णव भाग स्पिरिट, असं दोनशे वेळा पातळ केलेलं, म्हणजे एकावर चारशे शून्यं. बाराव्या पायरीपुढेच मूळ द्रव्याचा एक रेणूही उरेल असं धरता येत नाही. प्रयोगशाळेत दिली तरी साखर आणि स्पिरिट एवढंच उत्तर येईल. साडेपाच वर्षांचं शिक्षण, चार-चार पानी केस पेपर, तहान, घाम, झोप, स्वप्नं, रात्री रेपर्टरीत, लक्षणांवरून औषध शोधायच्या ग्रंथात, घातलेले तास, आणि शेवटी सगळं दोन बोटं रुंद कागदावर टांगलेलं. फार एकटं वाटलं.

ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा 2015 चा निष्कर्षही मला ठाऊक आहे. कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. तो वाचूनही मी दवाखाना उघडतो. म्हणून तर पंपाचं आधी विचारतो, बीपी-शुगरची गोळी माझ्यासाठी थांबवू देत नाही, तापात अंगावर बारीक लाल ठिपके दिसले की रक्त तपासायला पाठवतो. कुणी पाहणारं नाही, चूक कधी उघडी पडणार नाही, तर साक्षीदार मीच. मग लेबल नीट हवं. ते तरी माझ्या हातात आहे.

उद्या दुपारी मावशींना घेऊन तिन्ही खण उतरवायचे. पेनची शाई नको, मार्करही नको, स्पिरिटचा ओघळ आला की दोन्ही पुसतात. शिसपेन्सिल टिकते. नाव, शक्ती, गोळ्या भरल्याची तारीख. वर पारदर्शक टेप, कडा बाटलीभोवती पूर्ण फिरवून. बुचाच्या डोक्यावर दुसरी छोटी चिठ्ठी. बूच एका वेळी एकच काढायचं, नाहीतर अदलाबदल. कापूर आणि डांबराच्या गोळ्या त्या कपाटात ठेवायच्या नाहीत, कसर कितीही होवो.

ती बाटली मोरीत रिकामी केली. गोळ्या विरघळायला बराच वेळ लागला. पाणी ओतत उभा राहिलो.